पाच मिनिटं कुणाची?

कॉम्प्युटरच्या पासवर्डचा इतिहास गुपितांपेक्षा वाटणीशी जास्त जोडलेला आहे. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मोठ्या मशीनवर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. तिचं नाव सीटीएसएस. मशीन एक आणि माणसं अनेक, म्हणजे कुणाच्या फायली कुठल्या आणि कुणी किती वेळ वापरला याचा हिशोब आला. हिशोब आला की नाव आलं, आणि नाव खरं कशावरून, म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी तिथल्या अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली आणि तो दुसऱ्यांच्या नावाने आत शिरू लागला. त्याला आठवड्याला चार तास मिळत आणि ते त्याच्या कामाला पुरत नव्हते. पासवर्डचोरीच्या अगदी सुरुवातीच्या प्रकरणांपैकी हे एक. चोराला पैसे नको होते, कुणाची पत्रंही वाचायची नव्हती. त्याला मिनिटं हवी होती.

तुमच्या हातातल्या फोनला ही भानगड माहीत नाही. तो एकट्या तुमचा आहे. अंगठा टेकवला की उघडतो, कारण तुमचं बरंचसं त्याच्याच पोटात असतं. कॉलेजची लॅब, बँकेची शाखा, हॉस्पिटलचा केसपेपरचा काउंटर इथली गोष्ट वेगळी. तिथला कॉम्प्युटर कुणा एकाचा नसतो. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकलात की समोरचं मशीन दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरला विचारतं, ही व्यक्ती आपली का? आपली असेल तर तिला कोणते नियम लावायचे, कोणते ड्राइव्ह जोडायचे, कोणता प्रिंटर द्यायचा, काल तिच्या डेस्कटॉपवर काय होतं? या चौकशीत कधी वीस सेकंद जातात, कधी अकरा मिनिटं. तेवढा वेळ स्क्रीनवर ‘वेलकम’ असतं आणि गोल फिरणारे ठिपके असतात.

ती अकरा मिनिटं कुणाची गेली आणि कुणी घेतली, हा प्रश्न मी काही वर्षं पगार घेऊन सोडवत होते. एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिस्टिम अ‍ॅडमिन होते. ‘लॉगिन स्लो आहे’ ही तिथली रोजची तक्रार. ती तांत्रिक आहे असं सगळे समजतात, आणि आहेच. पण तिच्या मागे लागलं की नेटवर्कच्या वायरीवरून माणूस हळूहळू भलत्याच ठिकाणी पोचतो.

सुरुवात होते ती विश्वास ठेवण्यापासून. अ‍ॅडमिनचं स्वतःचं लॉगिन सहसा स्लो नसतं. त्याचं खातं वेगळं, त्याला लागणारे नियम वेगळे, त्याचं मशीन ठरलेलं. शिवाय तो तपासायला बसतो ते सगळे घरी गेल्यावर. संध्याकाळी सहा वाजता रिकाम्या लॅबमध्ये लॉगिन करून पाहिलं तर पंचवीस सेकंद. मग अहवालात लिहायचं, ‘तपासले, समस्या आढळली नाही.’ यात खोटं काही नाही. आढळली नाही हे खरंच आहे. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याला तो त्रास कधी होतच नाही, अशी ही रचना आहे, आणि ती फक्त कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये सापडते असं नाही. म्हणून मी एक विद्यार्थ्यासारखं खातं तयार करून घेतलं होतं आणि सोमवारी सकाळी नऊच्या बॅचला मुलांच्या मधोमध बसून त्यावरून आत जात असे. मुलांना ते विचित्र वाटायचं.

पण मुलांमध्ये बसूनही सगळं कळत नाही. ते कळलं लॅब अटेंडंट काकांकडून. काका बारावीपर्यंत शिकलेले, सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण कोणत्या मुलाचं मशीन लवकर उघडतं हे त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, “मॅडम, पोरं जागेवरून भांडतात ती उगाच नाही भांडत. कालच्याच मशीनवर बसलं की लवकर उघडतं. नव्या मशीनवर बसलं की गेलं.”

याला तांत्रिक भाषेत नाव आहे. आमच्याकडे रोमिंग प्रोफाइल होती, म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विद्यार्थी ज्या मशीनवर बसेल तिथे त्याचा डेस्कटॉप, त्याच्या फायली, त्याची सेटिंग्ज सर्व्हरवरून उतरायची आणि लॉगआउट करताना परत वर जायची. कालचंच मशीन असेल तर जुनी प्रत तिथेच पडलेली असते, बदललं असेल तेवढंच आणावं लागतं. मशीन नवं असेल तर सगळं बिऱ्हाड पहिल्यापासून. आता यात मशीन निवडायला कुणाला मिळतं ते पाहा. जो पावणेनऊला येतो त्याला. एसटीने येणारी मुलं नऊ-दहाला पोचतात आणि उरलेल्या मशीनवर बसतात. ते मशीन रोज वेगळं असतं. म्हणजे उशिरा आलेल्याला आणखी उशीर, तोही त्याला न सांगता. त्याच्याकडे बघून वाटतं की हा मुलगाच संथ आहे.

रोजच्या बॅचमध्ये हे खपून जायचं. खपलं नाही ते प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी. परीक्षेला जागा सीट नंबरने ठरतात, त्यामुळे साठच्या साठ मुलं अनोळखी मशीनवर बसतात आणि एका घंटेला पासवर्ड टाकतात. साधं गणित आहे. प्रत्येकाचं सरासरी ५०० एमबीचं बिऱ्हाड धरलं तरी झाले ३० जीबी. सर्व्हरमधून बाहेर पडणारी गिगाबिटची एक केबल सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी वाहते. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी चार मिनिटं, आणि हजारो बारीकसारीक फायली असतील तर सुरळीत काही चालत नाही. त्या दिवशी बहुतेकांना पाच मिनिटं लागली. एका मुलीला अकरा. पेपर दोन तासांचा होता आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांचं घड्याळ पहिल्या घंटेलाच सुरू झालं होतं. तिने हात वर केला तेव्हा तिला सांगण्यात आलं, “सगळ्यांचीच मशीन स्लो आहेत. सगळ्यांना सारखंच आहे.”

या वाक्यात ‘सारखंच’ हा शब्द चुकीचा होता. नंतर तिच्या खात्याचा आकार पाहिला तर १.९ जीबी. आमच्या स्टाफरूममध्ये यावर लगेच निदान झालं, सिनेमे भरले असतील. तिने स्वतःच उघडून दाखवलं. तीन सेमिस्टरच्या असाइनमेंट, मैत्रिणींकडून घेतलेल्या नोट्सचे फोटो, प्रोजेक्टच्या पाच आवृत्त्या, भावाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची पीडीएफ, आईच्या रेशनकार्डाचं स्कॅन. घरी कॉम्प्युटर नव्हता. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता त्यांची लॅबमधली खाती चिमुकली होती, कारण त्यांचा संसार दुसरीकडे होता. जिला दुसरीकडे काहीच नव्हतं तिचं ओझं सगळ्यात जड, आणि परीक्षेच्या दिवशी तेच तिच्या आड आलं.

डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात एक कल्पित उदाहरण दिलं आहे. हजार छळकर्ते आहेत आणि हजार कैदी. पूर्वी प्रत्येक छळकर्ता एकेका कैद्याला यातना देत असे. नव्या पद्धतीत प्रत्येक जण एकच बटण दाबतो आणि त्याने हजारही कैद्यांची वेदना कणभर वाढते, इतकी कमी की कुणालाही ती जाणवणार नाही. हजार बटणं दाबली गेल्यावर प्रत्येक कैद्याची यातना पूर्वीइतकीच असते. पण आता कुठल्याही छळकर्त्याला म्हणता येतं की माझ्या बटणामुळे कुणालाही काही झालं नाही. पारफिट हे म्हणणं मान्य करत नाही. आपल्या एकट्याच्या कृतीने काय झालं एवढंच विचारून भागत नाही, आपण सगळे मिळून काय करतो आहोत हेही विचारावं लागतं, असा त्याचा रोख आहे.

लॉगिन कुणाला यातना देत नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण बटणांचा प्रकार मात्र हुबेहूब हा. लॉगिनच्या वेळी काय काय चालतं याची आमच्याकडे यादी केली तेव्हा प्रत्येक गोष्टीला मालक निघाला आणि प्रत्येक मालकाचं उत्तर एकच, “माझं दोन-तीन सेकंदांचंच आहे.” अँटिव्हायरसवाल्यांचे तीन सेकंद, लायब्ररीच्या शॉर्टकटचा एक, प्रिंटरचे सहा, सगळ्या स्क्रीनवर कॉलेजचं बोधचिन्ह दिसावं म्हणून घातलेल्या वॉलपेपरचे दोन. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

या बेरजेबद्दल स्टीव्ह जॉब्जचा एक किस्सा अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवला आहे. १९८३मध्ये मॅकिंटॉश तयार होत असताना जॉब्ज लॅरी केनियन या इंजिनिअरला म्हणाले, हा सुरू व्हायला फार वेळ घेतो, दहा सेकंद कमी कर. पन्नास लाख लोक रोज एकदा सुरू करणार, म्हणजे दिवसाला पाच कोटी सेकंद, वर्षभरात कितीतरी आयुष्यं वाचतील. हिशोब करून पाहिला तर दिवसाला पाच कोटी सेकंद म्हणजे वर्षाला सुमारे ५७८ वर्षं होतात. सात-आठ माणसांची आयुष्यं. युक्तिवाद ऐकायला जबरदस्त आहे आणि त्याने केनियनकडून काम करून घेतलं हेही खरं, पण मला तो पटत नाही. ती ५७८ वर्षं कुणीच जगत नाही. पन्नास लाख जणांचे दहा-दहा सेकंद एका ठिकाणी ओतून माणूस तयार होत नाही, आणि बहुतेक जण त्या दहा सेकंदांत चहाचा घोट घेतात. बेरजेत फक्त एकूण किती गेलं ते कळतं. कुणाचं गेलं ते कळत नाही. साठ जणांची सरासरी काढली असती तर आमच्या परीक्षेत पाच मिनिटं आणि काही सेकंद हा आकडा आला असता, आणि त्या आकड्यात ती मुलगी दिसली नसती.

उपाय शोधायला बसल्यावर हा फरक लगेच पैशाच्या आणि मेहनतीच्या भाषेत समोर येतो. सोपा उपाय म्हणजे प्रोफाइलच्या आकारावर मर्यादा. विंडोजमध्ये ती सोय आहे. मर्यादा ओलांडली की विद्यार्थ्याला सूचना दिसते, आणि जुन्या विंडोजमध्ये तर फायली कमी केल्याशिवाय लॉगआउटही होऊ देत नसे. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य, आणि सगळ्यांना एकच नियम. पण त्या नियमात अडकणार कोण? आपला पसारा आपण आवरावा हे म्हणणं ज्याच्याकडे दुसरं कपाट आहे त्याला शोभतं.

दुसरा उपाय फोल्डर रीडायरेक्शनचा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची जागा सर्व्हरवरच ठरवून द्यायची. लॉगिनच्या वेळी फायली मशीनवर उतरतच नाहीत, ज्या फाइलवर क्लिक करावं तेवढीच येते. पाठीवरचं बिऱ्हाड घरी ठेवून फक्त किल्ली घेऊन फिरायचं. हे फुकट नाही. सर्व्हरला चांगल्या डिस्क लागतात, बॅकअपची शिस्त लागते, आणि सर्व्हर बंद पडला तर एकाच वेळी सगळ्यांचं सगळं नाहीसं दिसतं. वेळ मुलांचा जाणार होता, तो आता कॉलेजच्या पैशात आणि अ‍ॅडमिनच्या झोपेत जाणार. मला ही अदलाबदल योग्य वाटते, कारण जास्त वजन उचलायची ताकद ज्याच्याकडे आहे तिकडे ते सरकतं. विभागप्रमुखांना पटवायला मात्र एक सेमिस्टर गेलं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत ते काम झालं.

तरीही एकवीस सेकंद उरत होते, आणि ते फार चमत्कारिक होते. त्या काळात नेटवर्क नुसतं स्वस्थ बसलेलं असायचं. काही येत नाही, काही जात नाही. लॉगिन स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. ती एका सर्व्हरचा ड्राइव्ह जोडायला सांगत होती आणि तो सर्व्हर भंगारात जाऊन काही वर्षं झाली होती. आमच्या लॅबमधल्या विंडोजची रीत अशी, की समोरून उत्तर आलं नाही तर हाक मारून तीन सेकंद थांबायचं, पुन्हा हाक मारून सहा सेकंद, तिसऱ्यांदा हाक मारून बारा. तीन हाका, एकवीस सेकंद, मग नाद सोडायचा. समोर एखादा जिवंत सर्व्हर असता आणि त्याने ‘इथे असलं काही नाही’ असं सांगितलं असतं तर काम पटकन संपलं असतं. नकाराला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो न बोलण्याला. नोकरीचे अर्ज केलेल्यांना आणि सरकारी कार्यालयात फाइल अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ओळ काढून टाकायला एक बटण पुरे होतं. काढायला कुणी तयार नव्हतं. ती लिहिणारे सर नोकरी सोडून गेले होते. “असू दे ना, कुणाचं काही अडायला नको,” असं मला तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून ऐकायला मिळालं. ही भीती अगदीच निराधार नव्हे. आपल्याला कारण माहीत नाही म्हणून कारण नाहीच, असं म्हणणं उद्धटपणाचं आहे. पण या सावधगिरीला एक बाजू आहे, ती मला खटकते. ओळ काढली आणि काही बिघडलं तर जबाबदार माणूस कोण ते सगळ्यांना कळतं. ओळ ठेवली तर रोज चार बॅच, प्रत्येकी साठ मुलं, एकवीस सेकंद, म्हणजे दिवसाला चौऱ्याऐंशी मिनिटं जातात आणि त्याला कुणीच जबाबदार नसतं. न करण्याला सही लागत नाही. आपल्याकडे कित्येक गोष्टी कुणाला हव्या असतात म्हणून टिकत नाहीत, त्या काढणाऱ्याचं नाव पुढे येतं म्हणून टिकतात.

मी आधी आठवडाभर नोंद ठेवली. त्या ड्राइव्हवर एकदाही कुणाला काही उघडता आलं नव्हतं, ते शक्यच नव्हतं. मग ओळ काढली आणि तिच्या जागी शेरा टाकला, काय काढलं, का, कोणत्या तारखेला, काही अडल्यास कुणाला विचारायचं. नाव स्वतःचं.

राहिली एक गोष्ट. स्लो लॉगिन झाकायची एक युक्ती कित्येक वर्षं वापरात आहे. विंडोज २०००मध्ये सगळे नियम लागू होईपर्यंत डेस्कटॉप दिसत नसे. एक्सपीपासून डेस्कटॉप आधी दाखवायला सुरुवात झाली, नियम मागून लागू होत राहतात. मोजायला गेलं तर लॉगिन झटपट. प्रत्यक्षात आयकॉनवर क्लिक करावं आणि काही होऊ नये. काही नियमांना तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या लॉगिनपर्यंत थांबावं लागतं. हे सरसकट वाईट म्हणता येणार नाही, ज्याला फक्त ब्राउझर उघडायचा आहे त्याचं काम होऊन जातं. पण परीक्षेच्या लॅबसाठी मी ते बंद केलं, कारण दार उघडल्यासारखं दाखवून उंबऱ्यात ताटकळत ठेवणं मला अपमानाचं वाटतं. थांबवायचंच असेल तर निदान सांगून थांबवावं.

सांगायचीही सोय आहे. एक सेटिंग चालू केलं की ‘वेलकम’च्या जागी आत नेमकं काय चाललंय ते ओळीओळीने दिसतं. आता ड्राइव्ह जोडले जातायत, आता प्रिंटरचे नियम लागू होतायत, वगैरे. सहकारी म्हणाले, पोरांना यातलं काय कळणार, उगाच घाबरतील. मी ते चालू केलं. कुणी घाबरलं नाही. पहिल्या आठवड्यात मुलं त्या ओळी मोठ्याने वाचून हसायची. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, हे रोज प्रिंटर-प्रिंटर करत थांबतं. आपल्या लॅबमध्ये प्रिंटर कुठाय?”

नव्हता. तो ऑफिसात हलवून दोन वर्षं झाली होती. नियम त्या दुपारी काढला, सहा सेकंद कमी झाले.